सह्याद्रीचा सूर्यपक्षी

रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड हें गांव जगबुडी नदीच्या कांठीं वसलेलें आहे. गांवाच्या पूर्वेस रसाळगड, सुमारगड व महिपतगड हे तीन किल्ले अंगावर वागविणारी डोंगराची रांग दिसते आणि तिच्यामागें सह्याद्रीची मुख्य भिंत उभी राहते. ह्या भिंतीच्या पायथ्याशीं, खोपीकडून रघुवीर घाटाकडे जाणाऱ्या बाजूस, फुललेल्या पांगाऱ्यावर एखादें इवलेंसें लाल पाखरूं क्षणभर चमकून जातें. शहरांतून आलेल्या सुशिक्षित पाहुण्याच्या तोंडून अशा वेळीं बहुधा एकच उद्गार निघतो : 'हा पाहा हमिंगबर्ड!' उद्गार कौतुकाचा खरा, परंतु तो यथार्थ नव्हे. हमिंगबर्ड हा पक्षी रानटी अवस्थेंत भारतांत नाहीं. आशिया खंडांत नाहीं. युरोप किंवा आफ्रिकेंतहि नाहीं. त्याच्या सुमारे ३६० जाती आहेत व त्या सर्वांचें घर म्हणजे उत्तर व दक्षिण अमेरिका आणि त्यांच्या आसपासचीं बेटें. पांगाऱ्यावर दिसलेला तो लाल पक्षी म्हणजे आपल्या सह्याद्रीचा सूर्यपक्षी होय. त्याला परक्याच्या नांवानें हांक मारण्यांत त्याचा सन्मान तर नाहींच, उलट त्याची खरी थोरवी झांकून जाते. कारण हमिंगबर्डांना दोन खंडें मोकळीं आहेत. ह्या पक्ष्याला साऱ्या पृथ्वीवर एवढा एकच डोंगर आहे.

तथापि ही गफलत कां होते, हें समजून घेण्याजोगें आहे. दोघांचेंहि शरीर लहान, चोच लांब व बारीक, पिसें धातूसारखीं झळकणारीं आणि आहार मुख्यतः फुलांतील मध. एवढें साम्य पाहून ते एकाच कुळांतले असावे असें कोणालाहि वाटेल. परंतु पक्षिशास्त्र निराळेंच सांगतें. हमिंगबर्डांचे जवळचे आप्त म्हणजे आकाशांत दिवसभर भिरभिरणाऱ्या पाकोळ्या. उलट सूर्यपक्षी हे चिमणी, बुलबुल, दयाळ ह्यांच्या मोठ्या गणांतले, म्हणजे फांदी पायांत घट्ट धरून बसणारे पक्षी. फुलांतील मध काढण्याचा उद्योग दोन्हीं घराण्यांनीं स्वतंत्रपणें पतकरला, आणि एकाच उद्योगामुळें दोघांचीं हत्यारें सारखीं झालीं. लोहार रत्नागिरीचा असो वा रोमचा असो, त्याच्या हातीं हातोडाच असावयाचा. तशांतलाच हा प्रकार आहे. मौजेची गोष्ट ही, कीं जुन्या जगांत एके काळीं हमिंगबर्डांचे पूर्वजहि होते. जर्मनींत सांपडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वींच्या अश्मीभूत अवशेषांवरून गेराल्ड मायर ह्या शास्त्रज्ञानें २००४ सालीं हें जगापुढें मांडलें. पुढें तें घराणें ह्या बाजूस नामशेष झालें व अमेरिकेंत मात्र भरभराटीला आलें.

हमिंगबर्डांतील एका डोंगरी जातीचें उदाहरण घेतलें म्हणजे साम्य व भेद दोन्हीं स्पष्ट होतात. दक्षिण अमेरिकेंत पेरू, बोलिव्हिया, चिली व अर्जेंटिना ह्या देशांतून गेलेल्या अँडीज पर्वतावर 'हिलस्टार', म्हणजे 'गिरितारका', ह्या नांवाचा हमिंगबर्ड राहतो. त्याची वस्ती साधारणतः ३,५०० मीटरांच्या वर असते. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे तें दुप्पट केलें तरी हिलस्टारच्या घराच्या उंबऱ्याशीं पोंचत नाहीं. नराचा गळा हिरवा चकचकीत, पोट पांढरें आणि त्या पोटावरून मधोमध गेलेली एक तांबूस तपकिरी पट्टी, असें त्याचें रूप असतें. तेथें झाडें नाहींत, हवा विरळ आहे व रात्र गोठविणारी आहे. तेव्हां हा पक्षी कडेकपारींच्या वळचणीला घरटें बांधतो आणि रात्रीं शरीराची धग मुद्दाम मंद करून जवळजवळ मृतवत् पडून राहतो. चूल विझवावयाची नाहीं, पण निखारा राखेखालीं जपून ठेवावयाचा, अशी ही युक्ति आहे. अँडीजमधील अशाच एका हमिंगबर्डाचें शरीर रात्रीं अवघ्या ३.३ अंश सेल्सियसपर्यंत थंड झाल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नमूद आहे. सकाळीं तोच पक्षी पुन्हां ऊब धरून फुलांकडे जातो.

ह्या हिलस्टारची आणखी एक संवय लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हमिंगबर्डाची कीर्ति ती त्याच्या अधांतरीं उडण्यामुळें. पंख आठाच्या आंकड्याप्रमाणें फिरवून तो फुलासमोर हवेंत स्थिर राहतो, इतकेंच नव्हे तर मागेंहि उडतो. परंतु ह्या उड्डाणाला शक्ति फार लागते आणि विरळ हवेंत तर ती अधिकच लागते. म्हणून हा पर्वतवासी हिलस्टार पुष्कळदां तरंगणें सोडून देतो व सरळ फुलाच्या झुडपाला पायांनीं धरून मध पितो. म्हणजे परिस्थितीनें भाग पाडलें, तेव्हां हमिंगबर्डानेंहि सूर्यपक्ष्याचाच रिवाज उचलला! आपला सूर्यपक्षी प्रसंगीं क्षणभर हवेंत फडफडतो, पण त्याची खरी रीत बसून जेवण्याची आहे. आणि आपल्याकडील झाडांनींहि त्याच्या बैठकीची सोय ठेवलेली दिसते. पळस, पांगारा, काटेसावर ह्यांचीं फुलें दणकट देंठांवर व फांद्यांना लागून येतात, त्यामुळें पाहुण्याला पाय टेकावयास जागा मिळते. अमेरिकेंतील हमिंगबर्डांचीं अनेक फुलें मात्र हवेंत मोकळीं लोंबत असतात. तेथें पाट मांडलेलाच नसतो.

आतां ह्या सूर्यपक्ष्याची नीट ओळख करून घेणें योग्य होईल. मराठींत सूर्यपक्ष्यांना 'शिंजीर' असें नाजूक नांव आहे. कोकणांतल्या घराभोंवतीं जास्वंदीवर येणारा काळसर जांभळा शिंजीर पुष्कळांच्या परिचयाचा असतो. प्रस्तुत लाल जात मात्र अंगणापेक्षां रानाला जवळची आहे. तिचें शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साईक्स ह्या लष्करी अधिकाऱ्यानें केलें. साईक्स मुंबई सरकारच्या नोकरींत होता व दख्खनची आंकडेवारी गोळा करण्याचें काम त्याच्याकडे होतें. गांवें, पिकें, माणसें मोजतां मोजतां त्यानें पक्षीहि टिपून ठेवले आणि दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तांत छापून आली. ह्या लाल पक्ष्याला त्यानें त्या संस्थेचे पहिले चिटणीस निकोलस व्हिगर्स ह्यांचें नांव दिलें. ईथोपायगा व्हिगर्सी हें त्याचें आजचें शास्त्रीय नांव. त्यांतील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'ज्याचा पार्श्वभाग अग्नीसारखा आहे तो' असा होतो.

पुढें बराच काळ हा पक्षी म्हणजे हिमालयापासून पूर्वेकडे पसरलेल्या लाल सूर्यपक्ष्याचीच एक पोटजात, असें मानण्यांत येत असे. परंतु दोघांच्या अंगावरील खुणा भिन्न आहेत आणि दोघांच्या प्रदेशांत मोठें अंतर आहे. चालू शतकाच्या आरंभापासून, विशेषतः २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पामेला रासमुसेन व जॉन अँडर्टन ह्यांच्या ग्रंथानंतर, तो स्वतंत्र जात म्हणून ओळखला जाऊं लागला. हा भेद केवळ नांवाचा नव्हे. पोटजात म्हटली म्हणजे 'इकडचे गेले तरी तिकडचे आहेत' असें मनाचें समाधान करतां येतें. स्वतंत्र जात ठरतांच तें समाधान संपतें. हा पक्षी तापीच्या दक्षिणेकडील डोंगरांपासून निलगिरीच्या अलीकडपर्यंत, पश्चिम घाटाच्या पट्ट्यांतच सांपडतो. त्याला दुसरें माहेर नाहीं.

रूपानें नर हा सर्वस्वीं देखणा. आकार शेपटीसकट वीतभराहून लहान. पाठीचा वरचा भाग, गळा व छाती किरमिजी लाल. छातीच्या लाल रंगावर बारीक पिवळ्या रेघा असतात व हीच त्याची पक्की ओळख. कपाळ व माथा हिरवट धातूच्या झांकेचा, चोचीच्या बुडापासून गळ्याच्या दोन्हीं बाजूंस उतरलेली जांभळी चकचकीत मिशी, कंबरेवर पिवळा डाग, पोट राखी आणि शेपूट हिरवट, लांबट. मादी ह्याच्या अगदीं उलट : वरून शेवाळी हिरवी, खालून करडी, कोठेंहि भपका नाहीं. अनोळखी माणसाला हीं दोघें नवराबायको आहेत हें सांगूनहि खरें वाटावयाचें नाहीं. परंतु ह्या साधेपणांतच शहाणपण आहे. घरट्यांत बसावयाचें तें मादीला. तिनें लाल शालू नेसला तर शत्रूला पत्ता विचारावा लागणार नाहीं.

नराच्या अंगावरील रंगांचीहि दोन निराळीं रहस्यें आहेत. लाल व पिवळा हे रंग पिसांतील रंगद्रव्यांमुळें येतात आणि कोणत्याहि कोनांतून पाहिले तरी ते लाल व पिवळेच दिसतात. माथ्याची व मिशीची झळाळी मात्र रंगद्रव्याची नसून रचनेची आहे. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होतांना कांहीं रंग उठावदार होतात, कांहीं लोपतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते ह्याच न्यायानें. म्हणूनच पक्ष्यानें मान किंचित् वळविली, कीं हिरव्याचें जांभळें होतें आणि सावलींत तोच भाग निव्वळ काळा भासतो. पुष्कळ निरीक्षकांचीं वर्णनें एकमेकांशीं जुळत नाहींत, त्याचें कारण बहुधा डोळ्यांत नसून उन्हांत असतें.

खाण्याची तऱ्हा पाहूं गेल्यास चोच ही वांकडी सुई आहे. तिच्या टोंकाजवळ कडांना अतिशय बारीक दांते असतात. जीभ नळीसारखी असून टोंकाशीं दुभंगलेली असते व तिनें फुलाच्या तळाचा रस ओढला जातो. जेथें फूल खोल असतें तेथें हा पक्षी कधीं कधीं बाहेरून बुडाशींच भोंक पाडतो व दाराकडे न फिरकतां मागल्या बाजूनें मध चोरतो. अशा वेळीं फुलाच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. एरवीं मात्र व्यवहार चोख असतो. मध द्यावयाचा आणि कपाळावर परागांचा टिळा लावून घ्यावयाचा. तोच टिळा पुढच्या फुलाला लागला म्हणजे फळधारणा होते. परंतु मध म्हणजे बव्हंशीं साखरपाणी. त्यानें अंगांत जोर येतो, पण मांस चढत नाहीं. तेव्हां हे पक्षी कोळी व बारीक कीटकहि नित्य टिपतात आणि पिलांच्या वाढीला तर हाच आहार लागतो.

वीण मुख्यतः पावसाळ्यांत व त्याच्या अखेरीस होते. कोकणच्या पावसांत एवढ्याशा जिवानें संसार मांडावा हें प्रथम नवल वाटतें; पण किड्यांची सुबत्ता त्याच दिवसांत असते हें ध्यानीं घेतलें म्हणजे उलगडा होतो. घरटें म्हणजे लोंबती पिशवी. बारीक मुळ्या, तंतू, वाळलेल्या पानांचे तुकडे कोळिष्टकांनीं एकत्र शिवून मादी तें तयार करते आणि ओहोळाच्या कांठच्या दरडींतून लोंबणाऱ्या मुळांना किंवा झुडपाच्या फांदीला टांगते. दार बाजूला असतें. अशीं घरटीं वाऱ्यानें हेलकावतात, पण त्यांत पाणी शिरत नाहीं, व दुरून तीं पुरांत अडकलेल्या कचऱ्यासारखीं दिसतात. अंडीं बहुधा दोन घातलीं जातात. उबविण्याचें काम मादीचें. पिलांना भरविण्याच्या कामीं मात्र नरहि हात लावतो.

ह्या पक्ष्याचें सारें जीवन एका प्रश्नाभोंवतीं फिरतें : आज मध कोठें आहे? खेडच्या डोंगरांत ह्याचें उत्तर ऋतुमानाप्रमाणें बदलतें. हिवाळ्यांत लाल धायटी फुलूं लागते. पाठोपाठ काटेसावर, पळस व पांगारा हीं झाडें पानें झाडून उघड्या फांद्यांवर फुलें पेटवितात. पावसाळ्यांत व त्यानंतर मुरुडशेंगेचीं तांबडीं फुलें येतात. परसांतली केळ बाराहि महिने थोडा थोडा आधार देते. ह्या माळेंतील एखादा मणी गळला, तर पक्ष्याला उपास पडतो. काटेसावर बिनकामाची म्हणून तोडली जाते, धायटी सरपणांत जाते, पांगारा कुंपणाबरोबर नाहींसा होतो. आणि तोडणाराच्या मनांतहि येत नाहीं, कीं आपण कोणाच्या तरी फाल्गुन महिन्याची शिधासामग्री नेत आहों.

परंतु ह्या माळेंत एक मणी असा आहे, कीं त्यावरून बागाईतदार व पक्षी ह्यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध असल्याचा भास होतो. तो मणी म्हणजे बांडगूळ. कोकणांत आंब्याची निगा राखणाऱ्याला हा शब्द शिवीसारखा वाटतो व तें साहजिक आहे. आंब्याच्या फांदींत शोषक मुळें घुसवून बांडगूळ झाडाचें पाणी व क्षार ओढून घेतें. त्याचीं पानें हिरवीं असल्यामुळें अन्नाचा कांहीं भाग तें स्वतः शिजवतें, पण पुढें यजमान फांदी खंगते व कधीं वाळूनहि जाते. ह्या बांडगुळाचा व पाखरांचा संबंध डॉ. सालिम अली ह्यांनीं खास कोकणांतील निरीक्षणांवरून उलगडला आणि तद्विषयक निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९३१ सालीं प्रसिद्ध केला. बांडगुळाची कळी लांब नळीसारखी असते. ती पक्व झाली तरी मिटलेलीच राहते. सूर्यपक्ष्यानें चोचीनें दाबली, कीं फट्दिशीं उघडते व पराग त्याच्या डोक्यावर उडतात. अशा रीतीनें परागसिंचन होतें. फळ धरल्यावर दुसरा पक्षी पुढें येतो. तो म्हणजे चिमणीहूनहि लहान असा फुलटोच्या. तो फळ गिळतो. चिकट बी अल्पावधींत बाहेर पडतें आणि अंगाला चिकटूं नये म्हणून तो तें फांदीवर घांसून पुसतो. तेथेंच नवें बांडगूळ रुजतें. एकानें लग्न लावावयाचें, दुसऱ्यानें लेकरें नांदावयास पोंचवावयाचीं, असा हा व्यवहार आहे.

मग ह्या पाखरांना आंब्याचे शत्रु म्हणावयाचें काय? तसें म्हणणें उतावीळपणाचें होईल. एक तर हेच पक्षी किडे व कोळी वेंचतात, आणि रानांतील कित्येक उपयुक्त झाडांचें परागसिंचनहि करतात. दुसरें असें, कीं पक्ष्याला हांकलून बांडगूळ जात नाहीं. जुनीं झुडपें फांद्यांवर तशींच राहतात व त्यांचीं फळें खावयाला कोणी ना कोणी येतोच. उपाय आहे तो कोयतीचा. बांडगूळ फळावर येण्यापूर्वीं, जेथें तें चिकटलें असेल त्याच्या खालच्या बाजूस थोडी निरोगी फांदी घेऊन कापून टाकावें. केवळ वरचा पाला ओरबाडला तर आंत राहिलेल्या मुळांतून तें पुन्हां फुटतें. हें काम बागेंत दरसाल करणें अवश्य आहे. परंतु गांवाबाहेरच्या रानांतील ऐन-किंजळीवर वाढलेलें बांडगूळ, जेथें कोणाचें नुकसान नाहीं, तेथें तें पक्ष्यांच्या पानांत राहूं द्यावें. बागेची स्वच्छता आणि रानाची उदारता ह्या दोन्हीं गोष्टी एकाच गांवांत नांदूं शकतात.

आजच्या घडीला हा पक्षी दुर्मिळ नाहीं, ही समाधानाची बाब आहे. महाबळेश्वरच्या रानांत, मुंबईला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत आणि कोयनेच्या खोऱ्यांत तो डोळसपणें पाहणाराला भेटतो. कोयनेचें अभयारण्य १९८५ सालीं व सह्याद्री व्याघ्रप्रकल्प २०१० सालीं स्थापन झाला. खेडच्या माथ्यावरील घाटापलीकडचें रान अशा रीतीनें संरक्षणाखालीं आलें. घाटाखालच्या बाजूचें पुष्कळसें रान मात्र खाजगी मालकीचें आहे. तेथें कायद्याहून मालकाची इच्छा बलवत्तर ठरते. गांवोगांवच्या देवरायांनीं आजवर जीं जुनीं झाडें राखलीं तीं देवाच्या धाकानें राखलीं. तो धाक ओसरला तर त्याची जागा ज्ञानानें घेतली पाहिजे, नाहींतर जागा रिकामी राहील आणि झाडहि.

मुंबईहून कोकण रेल्वेनें खेडला उतरणाऱ्या कुटुंबानें माघ-फाल्गुनांत एखादी सकाळ ह्यासाठीं राखून ठेवण्यास हरकत नाहीं. फुललेला पांगारा किंवा सावर गांठावी, ऊन पाठीशीं येईल असें उभें राहावें व थोडा धीर धरावा. आधीं तीक्ष्ण, तुटक 'चिच्-चिच्' असा आवाज कानीं येईल, मग एक लाल ठिणगी फुलावर येऊन बसेल. छातीवरच्या पिवळ्या रेघा दिसल्या म्हणजे ओळख पक्की झाली. सोबत मुलें असतील तर त्यांना त्याचें खरें नांव सांगावें. दूर अँडीजच्या बर्फाळ कड्यांवरचा हिलस्टार जितका आश्चर्यकारक आहे, तितकाच हाहि आहे; फरक इतकाच, कीं त्याची काळजी वाहण्याचें काम पेरू किंवा बोलिव्हियाच्या लोकांवर सोंपवितां येणार नाहीं. तें सह्याद्रीच्या माणसांचेंच आहे.